माशांना घातलंत का?

मास्तरांनी मेलेला मासा चहाच्या गाळण्यानं वर काढला, पाणी निथळू दिलं आणि वर्तमानपत्राच्या पानावर ठेवला. पान चारी बाजूंनी दुमडून त्याची पुडी केली, पुडीवर दोरा गुंडाळला. दोऱ्याला दुहेरी गाठ मारताना त्यांचं त्यांनाच हसू आलं, कारण हा मासा काही पळून जाणार नव्हता. मग अंगणाच्या कोपऱ्यात खुरप्यानं खड्डा केला, पुडी आत ठेवली, माती ओढली आणि चपलेनं दाबली. आधीचे दोघे शेजारीच होते, त्यांच्यावरची माती अजून बसायची होती. सून कामावरून यायच्या आत हे सगळं उरकायला हवं होतं.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. उभा जन्म त्यांनी लोकांच्या बंद पडलेल्या लिफ्ट चालू करण्यात घालवला. गल्लीत त्यांना आधी लिफ्टमास्तर म्हणत. पुढे लिफ्ट गळून पडली आणि मास्तर तेवढे राहिले. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसांशी दाराच्या फटीतून बोलत राहणं, हा त्यांच्या कामाचा निम्मा भाग होता. घाबरू नका, मी इथंच आहे, आता निघालाच तुम्ही बाहेर, असं बोलत त्यांनी रडणाऱ्या माणसांना शांत केलं होतं. घरातल्या माणसाशी काय बोलायचं, हे मात्र गेल्या वर्षभरात त्यांना एकदाही सुचलं नव्हतं.

घरात माणसं दोनच, ते आणि सून. मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीला म्हणून गेला, जाताना बायकोला म्हणाला की लवकरच तुला बोलावून घेतो, आणि तिथं दुसऱ्याच संसारात रमला. हे त्यानं फोनवर कळवलं तेही बायकोला नाही, बापाला. "बाबा, तुम्हीच तिला नीट समजावून सांगा ना," असं म्हणाला. मास्तर स्वयंपाकघरात गेले आणि एक अक्षर न बोलता त्यांनी फोन सुनेच्या हातात दिला. स्वतःची एवढी लाज त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती. सूनबाईंनी सगळं ऐकून घेतलं, बरं म्हटलं, फोन ओट्यावर ठेवला आणि उतू जाणारं दूध खाली उतरवलं.

त्यानंतर त्या विषयावर घरात चकार शब्द निघाला नाही. सून जाते म्हणाली नाही आणि मास्तर राहा म्हणाले नाहीत. ती सकाळी चष्म्याच्या दुकानात कामाला जायची, संध्याकाळी परत यायची, दोघं समोरासमोर बसून जेवायची. मीठ हवंय का, उद्या पाणी उशिरा येणार आहे म्हणे, पंख्याचा आवाज येतोय का जरा, एवढंच बोलणं. कधी कधी मास्तर मनाचा हिय्या करून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जात. आज बोलायचंच, असं ठरवून जात. ती वळून विचारायची, "काय हवं होतं बाबा?"

"विसरलो," ते म्हणायचे. "आलो कशाला तेच विसरलो बघ."

मग उगाच एक ग्लास पाणी पिऊन माघारी यायचे. त्यांना वाटायचं, आपण तोंड उघडलं आणि विषय निघाला, तर तो एकाच ठिकाणी जाऊन थांबणार. मी आता इथं कुठल्या नात्यानं राहू, असं ती विचारणार, आणि त्यावर आपल्याकडे उत्तर नाही. पूर्वी ते तिला मोठ्या ऐटीत सूनबाई अशी हाक मारत. आता तो शब्द ओठावर येऊन अडखळायचा, म्हणून नुसतं अगं म्हणत. मिठाची गुळणी धरून का होईना, घरात दोन ताटं लागत होती. ती गेली तर आपलं काय होईल, या विचारापाशी आले की मास्तर उठून अंगणात जात.

अंगणातलं माशांच्या टाकीचं ते लटांबरही त्यातूनच उभं राहिलं. कुठल्याशा व्हिडिओत त्यांनी पाहिलं होतं: खाली माशांची टाकी, वर खडीचा वाफा. माशांनी घाण केलेलं पाणी पंपानं वर जातं, खडीत राहणारे जीवाणू त्या घाणीचं खत करतात, ते रोपं खातात आणि निवळलेलं पाणी पुन्हा माशांकडे येतं. एक वर गेलं की दुसरं खाली येणार, हे मास्तरांना एकदम पटलं. जन्मभर दुसरं केलं काय होतं? त्यांनी सरबताच्या कारखान्यातून निळी पिंपं आणली. ती उभी चिरली, कडा कानशीनं घासल्या, खाली विटांचा चौथरा रचला. खडी बादली बादली करून धुतली. शेजाऱ्यानं भिंतीवरून डोकावून विचारलं, "काय मास्तर, पोहायचा तलाव का?" मास्तर म्हणाले, "हो, पण एका वेळी एकच पाय."

सगळं जमलं, पण सायफन जमेना. वाफ्यात पाणी ठरावीक उंचीला चढलं की ते आपोआप घुटकन खाली ओढलं गेलं पाहिजे, मग पुन्हा हळूहळू भरलं पाहिजे, तरच मुळांना पाणीही मिळतं आणि हवाही. मास्तरांचं पाणी नुसतं कडेवरून झिरपत राहायचं, ओढच धरायचं नाही. चार दिवस ते पाइप काढत आणि घालत होते. एका संध्याकाळी सून कामावरून आली ती तशीच, पर्स खांद्यावर ठेवून, मागच्या दारात उभी राहिली.

"काय अडलंय?"

"हवा शिरतेय. खालचं तोंड कुणी क्षणभर दाबून धरलं तर कदाचित... पण मला वरून बघायचंय."

तिनं पर्स पायरीवर ठेवली, बाही वर केली, वाकून पाइपाच्या तोंडावर तळहात दाबला. "सोडू?"

"थांब. थांब. आता सोड."

पाइपानं मोठ्यानं ढेकर दिल्यासारखा आवाज केला आणि सगळं पाणी धो-धो खाली आलं. तिचा हात, बाही, अर्धा कुडता भिजला. ती हसली. फोन आल्या दिवसापासून ती पहिल्यांदा हसली होती. मास्तरांनी नंतर तो पाइप थोडा वाकवून बसवला आणि मग हात लावायची गरज उरली नाही. गरज उरली नाही याचं त्यांना थोडं वाईटच वाटलं. पुढे टिलापिया माशांची बोटाएवढी पिल्लं आली, पालक, पुदिना, टोमॅटो लागले. सायफन दिवसभर भरायचा आणि रिकामा व्हायचा. भर दुपारी घरात एकटं असताना तो आवाज आला की मास्तरांना कुणीतरी आत-बाहेर करतंय असं वाटायचं.

आणि आता मासे मरायला लागले होते. पाणी गढूळ झालं होतं, त्याला वास मारत होता. मासे सारखे पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडत होते, मास्तर टाकीजवळ गेले की जास्तच. भुकेजलेत बिचारे, असं म्हणून ते चिमूटभर दाणे टाकायचे. मग त्यांनी व्हिडिओत ऐकलं की जास्त खाणं घातलं की पाण्यात अमोनिया होतो, म्हणून हात आखडता घेतला, संध्याकाळचं बंदच केलं. तरी पाणी सुधारेना. पंप उघडून पाहिला, पाइप झटकले, लिफ्टमध्ये दोष शोधावा तसं एकेक बाजूला काढत गेले. कुठंतरी पाणी मुरत होतं आणि त्यांना सापडत नव्हतं.

त्यात रविवार जवळ आला होता. पुदिना खुडत असताना स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांनी सुनेचा फोनवरचा आवाज ऐकला होता. "ये ना दादा रविवारी," ती म्हणत होती. "समोरासमोर बसून काय ते ठरवू." तिच्या भावाचा छापखाना होता, वर खोली रिकामी होती, हे मास्तरांना ठाऊक होतं. घर नीट चालतंय, टाकी नीट चालतेय, कुठं काही मरत नाही, एवढं तरी रविवारी दिसलं पाहिजे, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. म्हणून ती पुडी आणि म्हणून ती घाई.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टाकीतलं पाणी बाटलीत भरलं आणि बाजारातल्या माशांच्या दुकानात नेलं. एवढे दिवस ते गेले नव्हते, कारण ते दुकान सुनेच्या दुकानाच्या समोरच होतं आणि टाकीचं बिनसलंय हे तिला कळायला नको होतं. काचेआडून ती दिसली. ती एका आजोबांच्या कानामागे चष्म्याची काडी बसवून बघत होती. मास्तर मान वळवून चटकन आत शिरले.

दुकानदार बोलका होता. त्यानं बाटली उजेडात धरली, टोपण काढून वास घेतला.

"काका, ह्यात मासे पाळलेत का त्यांना शिक्षा दिलीय?"

त्यानं नळीत थोडं पाणी घेतलं, औषधाचे थेंब टाकले. पाणी गर्द हिरवं झालं. "अमोनिया आहे भरपूर. खायला किती घालता?"

"चिमूटभर. आता तर फक्त सकाळीच."

"मग इतकं व्हायला नको. वर येऊन तोंडं उघडतात का?"

"सारखी. म्हणून तर जीव तुटतो. वाटतं, उपाशी ठेवतोय आपण."

"उपाशी कसले, श्वास कोंडतोय त्यांचा. पाणी बिघडलं की मासे वर येऊन हवा ओढतात. आपल्याला वाटतं खायला मागतायत. आपण घालतो, ते खात नाहीत, ते सडतं, पाणी आणखी बिघडतं. सगळे हेच करतात हो. ह्या समोरच्या चष्म्याच्या दुकानातल्या ताईंचंही हेच. परवाच आल्या, म्हणाल्या मासे सारखे आ वासतात, ह्या वेळी मोठं पाकीट द्या."

मास्तरांचा हात काउंटरवर होता तो तसाच राहिला. "कुठल्या ताई?"

"त्या काय समोर, निळ्या कुडत्यातल्या. दर आठवड्याला हे लाल दाणे नेतात." त्यानं मागच्या फळीवरचं पाकीट दाखवलं. "म्हणाल्या, आमच्या घरी टाकी आहे, सासऱ्यांनी स्वतः बांधलीय. म्हटलं, मग सासरे घालत नाहीत का खायला? तर म्हणाल्या, ते हल्ली विसरतात सगळं. बोलून दाखवलं तर त्यांना लागेल, म्हणून मीच आल्यावर गुपचूप घालते." दुकानदार हसला. "म्हटलं, नशीबवान आहेत तुमचे सासरे."

मास्तर बाटलीचं टोपण लावत होते. ते दोनदा आट्यांवरून घसरलं.

"तुमच्याकडे पण बघा जरा," दुकानदार म्हणाला. "घरात दुसरं कुणी घालत असेल. माणसं सांगत नाहीत एकमेकांना."

"बघतो," मास्तर म्हणाले.

घरी येताना त्यांना आधी राग आला. विसरतो? मी? कुठल्या इमारतीच्या लिफ्टला कोणती मोटर होती आणि तिच्या गिअरचा कोणता दात झिजला होता, हे त्यांनी झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं. मग स्वयंपाकघराचं दार आठवलं, त्या दारात उभं राहून आपण कितीदा विसरलो म्हणालो ते आठवलं, आणि राग ओसरला. तिनं विश्वास ठेवला होता. बोलायचं धाडस होत नाही हे लपवायला त्यांनी जी थाप मारली, तिच्या जोरावर ती वर्षभर त्यांना सांभाळत होती. आणि आमच्या घरी, असं म्हणाली होती. माशांच्या दुकानात, कुणा परक्याला. मास्तर रस्त्यात थांबले, नाक शिंकरलं आणि पुढे चालू लागले.

संध्याकाळी ते आतल्या खोलीत पडद्यामागे उभे राहिले. सून आली. तिनं दार लोटलं, पर्समधून पाकीट काढलं आणि चपला न काढता थेट अंगणात गेली. टाकीच्या कडेला उकिडवी बसली.

"नाही ना घातलं आज पण?" ती माशांना म्हणाली. "असू दे. त्यांना रागावू नका."

तिनं लाल दाणे सढळ हातानं पेरले. आता बाहेर जायचं आणि सांगायचं, अगं बाई, मी घालतो, रोज घालतो, आपण दोघं मिळून त्यांना मारतोय. एवढंच तर सांगायचं होतं. त्यांनी पडद्याची कड मुठीत धरली आणि तिथंच राहिले. कारण मग ती विचारणार, म्हणजे तुम्हाला सगळं लक्षात राहतं? आणि हो म्हटलं, की तिला इथं थांबायला काय उरणार होतं?

त्या दिवसापासून त्यांनी आपल्याकडचे तपकिरी दाणे डब्यात बंद केले आणि कपाटावर ठेवून दिले. बादल्यांमध्ये पाणी भरून ते उघड्यावर ठेवलं, क्लोरीन उडाल्यावर थोडं थोडं करून टाकीतलं जुनं पाणी बदललं. खाणं फक्त तिचं. सून आत गेली की तळाशी बसलेले लाल दाणे जाळीनं काढून टाकायचे. पाणी निवळायला लागलं. मासे वर तोंडं उघडायचे थांबले आणि खाली शेपट्या हलवत फिरू लागले. सुनेलाही ते दिसलं असावं. ती आपणहून कमी दाणे टाकू लागली.

यात गंमत अशी की विसरणं अंगवळणी पडायला वेळ लागला नाही. शुक्रवारी जेवताना तिनं विचारलं, "दुपारची गोळी घेतलीत ना बाबा?"

मास्तरांनी गोळी वेळच्या वेळी घेतली होती. "घेतली की काय, कोण जाणे," ते म्हणाले. "राहिलीच वाटतं."

तिनं उठून गोळी आणली, पाणी आणलं, आणि ते गोळी घेतात की नाही हे बघायला समोर बसून राहिली. बसली म्हणून बोलली. दुकानात एक बाई आल्या होत्या, नवा चष्मा लावल्यावर नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, अहो, तुम्ही एवढे म्हातारे कधी झालात? मास्तर ठसका लागेपर्यंत हसले. तिनं दिलेली ही दुसरी गोळी त्यांनी गिळली नव्हती, ती मुठीत होती. हसताना हात उघडू नये म्हणून त्यांनी तो मांडीखाली दाबून धरला. नंतर ती टोमॅटोच्या बुंध्याशी टाकायला निघाले आणि मध्येच थांबले. टोमॅटोतून ती माशांकडे गेली असती. शेवटी कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकली. वर्षभरात झालं नव्हतं एवढं बोलणं त्या जेवणात झालं होतं, आणि ते खोट्याच्या आधारानं झालं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

शनिवारी ती म्हणाली, "उद्या दादा येतोय. तुम्ही आहात ना घरी?"

"मी कुठं जाणार?"

"बोलायचंय त्याला तुमच्याशी."

"बोलू दे की," मास्तर म्हणाले, आणि ताट उचलून मोरीत नेलं.

रविवारी सकाळी दाढी करताना त्यांनी आरशात स्वतःकडे नीट पाहिलं. ती तिशीची होती. तिला कुणी भेटेल, तिचं घर होईल, लेकरं होतील. ते सगळं सोडून ती एका धडधाकट म्हाताऱ्याला गोळ्या भरवत बसणार आणि आपण तिला बसू देणार? मुलानं एकदा फसवलं, आता बापानं फसवायचं? त्यांना स्वतःचा तिटकारा आला. भाऊ आला की त्याच्यासमोरच सांगायचं, असं त्यांनी ठरवलं. मी ठणठणीत आहे, मला सगळं आठवतं, माझी काळजी नको, तिनं खुशाल जावं. गालावर वस्तरा फिरवत त्यांनी हे वाक्य दोन-तीनदा म्हणून पाहिलं. मग टॉवेलनं तोंड पुसलं, कपाटावरचा डबा काढला, अंगणात गेले आणि मोजून, हिशेबात तपकिरी दाणे टाकले. लपवाछपवी संपली होती. मासे वर येत होते तोच बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला.

भाऊ आडव्या अंगाचा, बोटांच्या पेरांत शाई मुरलेला माणूस होता. त्यानं मास्तरांना वाकून नमस्कार केला, चहा घेतला, छापखान्यातल्या यंत्राबद्दल चार शब्द बोलला. मग कप खाली ठेवला.

"काका, सरळच बोलतो. राग मानू नका."

"बोला ना."

"हिचं आता इथं काय आहे, तुम्हीच सांगा. तुम्ही भले माणूस आहात, हिला काही कमी केलं नाहीत, ते मला ठाऊक आहे. पण किती दिवस? वरची खोली रंगवून ठेवलीय मी. गाडी घेऊन आलोय."

"दादा," सून म्हणाली.

"बोलू दे मला. मी म्हटलं चल, तर ही म्हणते, ह्यांना एकटं कसं सोडू. म्हणे माशांना घातलं की नाही एवढंही लक्षात राहत नाही त्यांच्या. उद्या गॅस चालू राहिला तर?" त्यानं मास्तरांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मला तर तुम्ही ठणठणीत दिसता. खरंच विसरता का हो?"

सुनेची मान खाली गेली. "मी असं नव्हतं म्हटलं बाबा," ती पुटपुटली. "म्हणजे, लागेल असं नव्हतं म्हटलं."

आता. मास्तरांनी वाक्य जुळवलं. ते जिभेवर तयारच होतं, पहिला शब्दही सुटत आला होता. त्यांनी समोर पाहिलं. भावाच्या कपाशेजारी तिचा कप होता आणि तिच्या कपाशेजारी त्यांचा. तिनं अजून मान वर केली नव्हती.

"होतं खरं तसं हल्ली," ते म्हणाले. "आज सकाळीसुद्धा घातलं नाही बघा माशांना. राहूनच गेलं."

आपलाच आवाज त्यांनी ऐकला आणि त्यांचं तोंड कडू झालं. भाऊ काहीतरी बोलणार होता, पण सून उठलीसुद्धा.

"मी घालून येते," ती म्हणाली, आणि पर्समधलं पाकीट घेऊन मागच्या दारानं निघाली.

तेव्हा मास्तरांना पाण्यावरचे दाणे आठवले. "अगं, थांब, मी घालतो," म्हणत ते धडपडत उठले. खुर्ची मागे सरकली, गुडघा टेबलाला लागला. ते दारात पोचले तोवर ती टाकीपाशी गेली होती.

पाणी तळापर्यंत स्वच्छ होतं. वर तपकिरी दाणे तरंगत होते, बरेचसे अजून कोरडेच, आणि मासे सावकाश वर येऊन एकेक दाणा टिपून खाली जात होते. तिनं कडेवर ठेवलेला उघडा डबा पाहिला. मग वळून त्यांच्याकडे पाहिलं. आपण दचकायला हवं होतं, अरे हे कुणी घातलं, असं काहीतरी म्हणायला हवं होतं, हे मास्तरांना सुचलं तेव्हा वेळ निघून गेली होती. ते नुसते स्वतःच्या पायांकडे बघत उभे होते आणि त्यांच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. सायफननं पाणी ओढलं, वाफा रिकामा झाला, पुन्हा भरू लागला.

आतून भावानं विचारलं, "काय गं, खरंच उपाशी आहेत का?"

तिनं खाली वाकून डब्याचं झाकण लावलं. मग हातातलं पाकीट, त्याचं तोंड न उघडताच, आत ऐकू जाईल इतक्या जोरानं खुळखुळवलं.

"हो रे दादा," ती म्हणाली. "तुटून पडलेत नुसते."